वाळूच्या आधीची माती

मोरोक्कोतल्या माराकेशहून निघणाऱ्या वाळवंटाच्या सहलींच्या जाहिराती सगळ्या सारख्याच. उंटांची रांग, मागे केशरी वाळू, पुढे निळा फेटा बांधलेला माणूस. प्रत्यक्षात ती वाळू दिसते साडेपाचशे किलोमीटर गेल्यावर, सहल संपत आल्यावर. तोवर वाटेत जे लागतं त्याचा जाहिरातीत उल्लेखही नसतो. माझ्या मते पैसे त्याचेच मोजावेत, वाळू वर फुकट मिळाली असं समजावं.

मी मूळची उदगीरकडची. नोकरी सगळी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे कुठेही गेले तरी डोळे आधी पाणी शोधतात आणि मग भिंती. सोबत माझ्या नणंदबाई होत्या. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या, त्यामुळे त्यांचे डोळे दरपत्रकावर. दिवाळीचा फराळ संपल्या संपल्या आम्ही निघालो. बहुतेक कंपन्या माराकेश ते वाळूच्या कडेचं मेर्झूगा गाव आणि परत हे सगळं दोन मुक्कामांत उरकतात, मोठ्या व्हॅनमध्ये पंधरा-सोळा माणसं कोंबून. ताईंनी घासाघीस करून एक मुक्काम वाढवून घेतला आणि लहान गाडी ठरवली. ड्रायव्हर आणि गाईड एकच होता. दादेस खोऱ्यातला, तिशीतला, इथल्या मूळ रहिवाशांपैकी, पण स्वतःला बर्बर न म्हणवता अमाझिग म्हणवणारा मुलगा. त्याला मी पहिल्याच तासात इतके प्रश्न विचारले की त्याने ताईंना हळूच विचारलं, या मॅडम पत्रकार आहेत का.

माराकेशच्या सपाटीवरून रस्ता अ‍ॅटलासमध्ये शिरतो आणि वळणं घेत घेत तिझी न तिश्का या खिंडीत चढतो. उंची २,२६० मीटर. खाली ऑलिव्ह, अक्रोड, ओढ्याकाठी पिवळे पडलेले पॉप्लर. वर जाल तसं सगळं उघडंबोडकं होत जातं, लाल, जांभळं, मधेच हिरवट खडकाचे पट्टे. गावं डोंगराच्याच रंगाची असल्यामुळे आधी कळतच नाहीत. एखाद्या घरावर डिश अँटेना चमकली की लक्षात येतं, अरे, इथे पन्नास घरं आहेत.

काही घरांच्या जागी नुसते ढीग होते. ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री अकराच्या सुमाराला इथे ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र याच अल हौज भागात, आमच्या रस्त्याच्या बरंच पश्चिमेला. जवळपास तीन हजार माणसं गेली. गाईड बोलता बोलता गप्प झाला, आणि मी त्याला पुढे विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आमच्या भागात कोणी विसरलेलं नाही. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर फूट-दीड फूट मातीचं माळवद. भिंत सरकली की ते सगळं वजन खाली. अ‍ॅटलासच्या वरच्या गावांतही हेच झालं. मातीत बसवलेला दगड, लाकडाच्या ओंडक्यांवर माती थापलेलं धाबं. नकाशावर दोन्ही ठिकाणांत हजारो किलोमीटर अंतर असेल, पण छताचा छेद काढला तर चित्र एकच येतं.

किल्लारीनंतर माझ्या वडिलांनी आमच्या घरावरचं माळवद उतरवलं आणि पत्रे टाकले. गावात सगळ्यांनीच टाकले. त्यानंतर एकाही उन्हाळ्यात त्या घरात दुपारी कोणाला धड झोप लागली नाही. म्हणजे माती वाईट म्हणायची की चांगली, हा प्रश्न माझ्यासोबत गाडीत बसला होताच.

खिंडीपलीकडे मुख्य रस्ता सोडून तेलुएतला वळायला सांगा. कार्यक्रमात नसेल तर थोडे दिरहम जास्त द्या, पण वळा. आजचा रस्ता फ्रेंचांनी १९३० च्या दशकात काढला. त्याआधी काफिल्यांची वाट तेलुएतवरून जायची आणि ग्लावी घराण्याची तिथे नाकेबंदी होती. त्यातला थामी अल ग्लावी माराकेशचा पाशा झाला, फ्रेंचांच्या बाजूने उभा राहिला, १९५३ मध्ये सुलतान मोहम्मद पाचवा यांना हद्दपार करण्यात त्याचा हात होता. १९५५ मध्ये सुलतान परत आले, ग्लावीने पाय धरले, आणि काही आठवड्यांतच १९५६ च्या सुरुवातीला तो वारला. वाडा तसाच पडला. आत एक-दोन दालनांत अजून रंगीत फरशीकाम आणि कोरीव, रंगवलेली लाकडी छतं जशीच्या तशी आहेत. दाराबाहेर पाऊल टाकलं की भिंती अर्ध्या वितळलेल्या. घराण्याची सत्ता गेली तेव्हा भिंतींवर माती लिंपणारे हातही गेले. मातीचं बांधकाम पडायला तोफा लागत नाहीत, चार पावसाळे कोणी वर चढलं नाही की पुरे.

तिथून उनिला नदीच्या कडेकडेने आइत बेनहद्दूला उतरलो. हे ठिकाण १९८७ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि सिनेमावाल्यांचं इतकं लाडकं की गाईडलोक भिंतीपेक्षा शूटिंगच जास्त सांगतात. आमच्या गाईडला मी सांगून टाकलं की सिनेमा नको, भिंत दाखव.

भिंत बघण्यासारखीच आहे. ओलसर माती, बारीक खडी, दोन बाजूंना लाकडी फळ्यांचं शटरिंग. मधे माती टाकायची, धुम्मसाने ठोकायची, फळ्या सोडवून पुढे सरकवायच्या. एक थर वाळला की त्यावर दुसरा. फळ्या धरून ठेवणाऱ्या आडव्या दांड्या काढल्या की त्यांची चौकोनी भोकं भिंतीत राहतात. लांबून ती नक्षी वाटते, आणि पर्यटक कबुतरांची घरं म्हणून फोटो काढतात. भिंत खाली रुंद, वर जात निमुळती. वरच्या मजल्याचे बुरूज मात्र उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचे, कारण तिथे वजन कमी हवं आणि खरी नक्षी काढायची असते. हा अख्खा तटबंद गाव, त्याला क्सार म्हणतात. एका घराण्याचा तटबंद वाडा असेल तर कसबा. आपल्याकडच्या पांढऱ्या मातीच्या गढ्या ज्यांनी बघितल्यात त्यांना हा भेद सांगावा लागणार नाही. सगळ्यात वर टेकडीच्या माथ्यावर गावाचं सामायिक धान्यकोठार, आगादिर. धान्य सगळ्यांचं मिळून सगळ्यात उंच जागी आणि घरं त्याच्या खाली, हा क्रम मला फार आवडला.

एका घरात वर गच्चीवर गेले. पॉप्लरचे ओंडके, त्यावर बोरू, त्यावर माती. आमच्याकडे सागवानी तुळया, वर किलच्यांची दाटी, पाला आणि पांढरी माती. कठड्याला पाणी बाहेर फेकणारी लाकडी पन्हाळी. मृगाच्या आधी आजोबा माणसं लावून माळवदावर नवी माती टाकून घ्यायचे, ते करायला ना आज आमच्या गावात माणूस उरलाय ना इथे. आइत बेनहद्दूत आता मोजकीच कुटुंबं राहतात. बाकीची नदीपलीकडच्या नव्या वस्तीत गेली, कारण तिकडे वीज, शाळा, रस्ता. त्यांना दोष देण्याचा अधिकार पुण्यात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मला नाही.

वर्झाझातबद्दल लिहिण्यासारखं थोडं आहे. फिल्म स्टुडिओ आहे (१९८३ चा), ताउरिर्तचा कसबा आहे, आणि शहराबाहेर नूर नावाचा सौरऊर्जेचा प्रचंड प्रकल्प. त्याचा पहिला टप्पा २०१६ मध्ये सुरू झाला. तिसऱ्या टप्प्याचा सुमारे २५० मीटर उंच मनोरा दिवसा डोळ्यांनी बघवत नाही इतका झळाळतो. हजारो आरसे सूर्य गोळा करून त्याच्या डोक्यावर फेकतात. ताईंनी विचारलं की मग इथल्या खेड्यात वीज स्वस्त आहे का. गाईड नुसता हसला.

मुक्काम दादेस खोऱ्यात, गाईडच्याच ओळखीच्या घरी होता. ही जागा मला सगळ्या प्रवासात जास्त आवडली. दोन्हीकडे कोरडे लाल डोंगर आणि तळाला नदीच्या दोन काठांवर चिंचोळा हिरवा पट्टा. त्या पट्ट्यात घर बांधत नाहीत. घर वर खडकावर, जिथे काही उगवत नाही. खाली इंच न् इंच शेती. बदाम, अंजीर, डाळिंब, त्यांच्या सावलीत गहू आणि लसूणघास. बायका पाठीवर लसूणघासाचे त्यांच्याहून मोठे भारे घेऊन चढण चढत होत्या. पुरुष चौकात चहा पीत होते. हे निरीक्षण मी गाईडला ऐकवलं. तो म्हणाला, "मॅडम, आमच्या आईने पण हेच ऐकवलंय."

घराच्या मालकीणबाईंना फ्रेंच येत नव्हतं, अरबी जेमतेम. त्या बोलत अमाझिगांच्या भाषेत, तमाझिग्तमध्ये. 'अझूल' म्हणजे नमस्कार आणि 'तनमिर्त' म्हणजे धन्यवाद, एवढ्या भांडवलावर मी त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले. मातीची चूल, तिच्यावर निमुळत्या झाकणाचं मातीचं भांडं, ताजीन. मांस नको म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं. मग गाजर, बटाटा, सलगम, काबुली चणे, वर थोडं जिरं आणि केशर. ताईंनी पर्समधून शेंगदाण्याची चटणी काढली. मालकीणबाईंनी चाखली, डोळ्यांत पाणी आलं, आणि डबा त्यांनी स्वतःकडेच ठेवून घेतला. चहाची किटली हातभर उंच धरून ओतायची, ओतलेला पेला परत किटलीत रिकामा करायचा, पुन्हा ओतायचं. पत्ती चीनची, पुदिना परसातला, साखर डोळे मिटून.

त्यांच्या घराला जुना मातीचा भाग आहे आणि त्याला लागून मुलाने बांधलेल्या दोन सिमेंट ब्लॉकच्या खोल्या. मुलगा कासाब्लांकाला असतो, पैसे तो पाठवतो. मी विचारलं, झोपता कुठे? उन्हाळ्यात जुन्यात, थंडीतही जुन्यात. नव्यात फ्रीज आहे, सोफा आहे आणि पाहुणे. आम्ही त्या रात्री नव्यात झोपलो आणि दोन-दोन गोधड्या घेऊनही कुडकुडलो. सकाळी बाईंनी मला जुन्या खोलीत नेऊन भिंतीला हात लावायला लावला. ऊबदार होती. अभियंता म्हणून मला कारण माहीत आहे, जाड मातीची भिंत दिवसाची उष्णता रात्रभर सोडत राहते. पण भूकंपात तीच भिंत काय करते हेही मला माहीत होतं, आणि बहुतेक त्यांनाही. आडवे लाकडी पट्टे, कोपऱ्यांना बांध, छताचं वजन कमी, असे उपाय आहेत, फार महागही नाहीत. ते सांगायला माझी तमाझिग्त पुरली नाही. गाईडकरवी सांगितलं. बाईंनी मान डोलावली आणि अजून चहा ओतला.

भिंतीवर नातवंडाने खडूने तिफिनाघ अक्षरं गिरवली होती. गोल, रेघा, टिंबं. २०११ च्या राज्यघटनेत अमाझिग ही अरबीसोबत अधिकृत भाषा झाली आणि रस्त्यावरच्या सरकारी पाट्यांवर ही लिपी दिसते. आजीला ती वाचता येत नाही, नातीला येते. २०२४ पासून त्यांच्या नववर्षाची, १४ जानेवारीची, देशभर सुट्टीही असते. म्हणजे आपली संक्रांत, ताई लगेच म्हणाल्या, आणि तिळगूळ कसा करतात ते गाईडला सांगायला बसल्या.

पुढे तिन्घीरकडे जाताना उजव्या हाताला साघ्रो डोंगररांग दिसते. १९३३ मध्ये तिथे बुगाफर माथ्यावर आइत अत्ता टोळीच्या लोकांनी बायकापोरांसकट कितीतरी आठवडे फ्रेंचांना अडवून धरलं होतं. नेता अस्सू उबास्लाम. गाईडने गाडी थांबवली, खाली उतरला आणि हात लांब करून माथा दाखवला. कार्यक्रमात हा थांबा नव्हता. तोद्राच्या घळीत मात्र होता. दोन्हीकडे तीनशे मीटरच्या भिंती, मधे एक निळा ओढा आणि शंभर सेल्फी काठ्या. जागा सुंदर, दहा मिनिटं पुरतात. त्यानंतर गालिच्यांच्या एका दुकानात नेऊन बसवतात, चहा देतात आणि एकेक गालिचा पायाशी उलगडत जातात. गाईडचं कमिशन असतं, हा धंद्याचा भाग आहे, रागवू नये. नको असेल तर पहिल्याच गालिच्याला उठावं. चौथ्याला उठणं फार अवघड होतं.

तिनेज्दाद सोडून एर्फूदकडे निघालं की सपाट माळावर रस्त्याच्या कडेला मातीचे उंचवटे ओळीने दिसायला लागतात, मैलोन् मैल. मधोमध खड्डा असलेली, कोणीतरी मोजून ठेवल्यासारखी वारुळं. मी जवळजवळ ओरडलेच, थांबव! या खेत्तारा. डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणून भूजल गाठायचं आणि तिथून अगदी हलक्या उताराचा बोगदा जमिनीखालून गावापर्यंत आणायचा. ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी, खणताना माती काढायला आणि नंतर गाळ काढायला उतरण्यासाठी. काढलेली माती तोंडाभोवती रचली की वाळू आणि पुराचं पाणी आत जात नाही. ना पंप, ना वीज, ना बाष्पीभवन. पाणी आपल्या पायांनी गावात येतं.

हे मला नवीन नव्हतं. संभाजीनगरला बदली होती तेव्हा मी नहर-ए-अंबरी पायाखाली घातली आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने खडकीसाठी, म्हणजे आजच्या संभाजीनगरसाठी काढलेली, तत्त्व हेच. आणि उदगीरहून जवळ, बिदरच्या नौबादला बहामनी काळातली कारेझ आहे. पण तिथे ती शहराच्या पोटात दडलेली. इथे उघड्या माळावर तिचा अख्खा आलेख डोळ्यांसमोर होता.

एका खेत्तारात पायऱ्या करून पर्यटकांना उतरवतात. आत वाकून चालावं लागतं, हवा थंड, आणि तळ कोरडा. ठणठणीत कोरडा. तंबूतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं, त्यांच्या लहानपणी इथे पाणी घोट्याच्या वर असायचं. मग वरच्या अंगाला डिझेलचे पंप बसले, भूजल बोगद्याच्या तळाखाली गेलं, दुष्काळ येत राहिले. १९७१ मध्ये वर झीझ नदीवर मोठं धरणही झालं. पाण्याचे हिस्से तासांत असायचे, जमिनीपासून वेगळे, वारशाने येणारे, भाड्यानेही देता येणारे. गाळ काढायला ज्याच्या घरचा माणूस येणार नाही त्याची पाळी बंद. मी त्यांना आमची शेजपाळी, म्हणजे कालव्याचं पाणी पाळीपाळीने देण्याची पद्धत, समजावून सांगितली, कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी कसं पोहोचत नाही तेही. गाईड भाषांतर करून थकला. त्या गृहस्थांचा एकच प्रश्न होता, तुमच्याकडे बोअर किती खोल जातात? मी लातूरचा आकडा फुटांत सांगितला. त्यांनी मीटरमध्ये करून पाहिला आणि दोन्ही हात वर केले.

रिसानीत बाजार भरतो रविवारी, मंगळवारी, गुरुवारी. आम्ही गुरुवार साधला. गाढवांसाठी वेगळा वाहनतळ, मसाल्यांचे ढीग, आणि खजूर. मेजूल खजूर मूळचा या तफिलालत भागातला. १९२७ मध्ये जवळच्या बुदनीबहून अकरा फुटवे अमेरिकेत नेले आणि कॅलिफोर्नियातल्या बागा त्यांच्यावर उभ्या राहिल्या. इथे मात्र बायूद नावाच्या बुरशीने जुन्या बागा पोखरल्या. ताईंनी चार दुकानं फिरून, प्रत्येक ठिकाणी दोन-दोन चाखून, पहिल्याच दुकानातून घेतला.

बाजारापासून जवळच मातीचे उंचसखल ढिगारे आहेत, एक-दोन भिंती उभ्या. हे सिजिलमासा. इसवी सन ७५७ मध्ये वसलेलं, सहारापलीकडचं सोनं जिथे उतरायचं ते शहर. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता इथे काही महिने राहिला, उंट विकत घेतले आणि फेब्रुवारी १३५२ मध्ये मालीकडे निघाला. इथला खजूर बसऱ्यापेक्षा सरस, असं त्याने लिहून ठेवलंय. ज्या घरी तो उतरला त्या यजमानाचा भाऊ त्याला आधी चीनमध्ये भेटला होता. हाच इब्न बतूता त्याआधी आपल्या दौलताबादला येऊन गेलेला, आणि तिथल्या किल्ल्याच्या तळघरात मांजरापेक्षा मोठे उंदीर आहेत असं सांगणारा. ढिगाऱ्यावर उभी राहून मी हे ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, वहिनी, ऊन फार आहे.

मग वाळू. एर्ग शेब्बी खरोखरच अचानक सुरू होतो. काळ्या गोट्यांचा माळ संपतो आणि दीडशे मीटरपर्यंत उंचीचे केशरी डोंगर उभे राहतात. संध्याकाळचा रंग जाहिरातीतला आहे तसाच, त्यात फसवणूक नाही. पण टेकडीमागे चारचाकी मोटरसायकलींचा आवाज, प्रत्येक उंचवट्यावर कोणीतरी ओढणी उडवत उभं, आणि तंबूत वायफाय. रात्री ढोल वाजवणारी मुलं आइत खब्बाश टोळीतली. त्यांचे आजोबा बकऱ्या घेऊन जिथे चरायला जायचे ती कुरणं आज अल्जीरियात आहेत आणि ती सीमा १९९४ पासून बंद आहे. मग पोटासाठी उंट भाड्याने देणं आलं. हे कळल्यावर ढोल वेगळा ऐकू येतो.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. माराकेशला परत येऊ नका, मेर्झूगाहून झीझ खोऱ्यातून फेझला बाहेर पडा, तोच रस्ता दुसऱ्यांदा बघावा लागत नाही. दादेसमध्ये हॉटेलपेक्षा घर मागा. खेत्तारा आणि तेलुएत हे दोन शब्द ठरवतानाच लिहून घ्या, नंतर 'वेळ नाही' ऐकावं लागतं. शाकाहारींची उपासमार होत नाही, फक्त सूपमध्ये मांसाचं पाणी आहे का ते विचारा. नोव्हेंबरात रात्री स्वेटर पुरत नाही, जाकीट लागतं.

ताईंना माझं हे वाळूबद्दलचं मत अजिबात मान्य नाही. त्यांच्या मते सगळ्या प्रवासात उंट एक नंबर, आणि मी जो दीड तास कोरड्या भुयारात घालवला त्याचे पैसे कंपनीने परत द्यायला हवेत. त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप डीपी उंटावरचाच आहे.